नवीन मासा आठवड्यात मरतो, जुने मात्र ठणठणीत: खाऱ्या पाण्याच्या टाकीत असं का होतं आणि काय करायचं

नवा मासा आणला. दोन दिवस छान फिरला, चौथ्या दिवशी खाणं सोडलं, सातव्या दिवशी सकाळी दिवा लावला तर दगडामागे आडवा. टाकीतले जुने मासे मात्र मजेत, खाऊ टाकला की वर झेपावतायत. मग पुढच्या पगाराला दुसरा मासा आणायचा आणि पुन्हा तीच गत. मालवण, कुडाळ, रत्नागिरीकडे खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या ज्याच्याशी बोलावं त्याच्याकडे ही गोष्ट थोड्याफार फरकाने असतेच. माझ्याकडे ती सलग दोन वर्षं होती. त्यात एक पावडर ब्लू टँग, दोन रॅकून बटरफ्लाय आणि क्लाऊनची एक जोडी गेली.

आमच्या शेजारचे काका उभा जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेलेले. टाकीसमोर बसून ते मला दर वेळी एकच विचारायचे, "मासो दर्यातलो, पाणी दर्याचा, मगे मरता कित्याक?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. पण त्याआधी तुमचा मासा कितव्या दिवशी मेला ते आठवा, कारण कारणं दिवसाप्रमाणे बदलतात.

पहिल्या चोवीस तासांत गेला असेल तर

पिशवीकडे बघा. आपल्याकडे मासा बहुतेक वेळा मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतो. संध्याकाळी सात-आठला पॅक होतो, पहाटे कसाल तिठ्यावर उतरतो आणि घरी पोचेपर्यंत त्याला पिशवीत बारा तास झालेले असतात. या बारा तासांत तो श्वास घेतो, घाण करतो. घाणीतून अमोनिया तयार होतो आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच खाली येतो आणि पीएच खाली असला की बराचसा अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो. ते रूप माशाला फारसं घातक नसतं. म्हणजे बंद पिशवीत मासा एका अर्थाने सुरक्षित असतो.

पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. आणि नेमकं त्याच वेळी आपण काय करतो? बादलीत पिशवी ओततो, बारीक नळी लावतो आणि दोन तास थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत बसतो. वर हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन पण लावतो, म्हणजे पीएच आणखी लवकर चढतो. मी हे प्रेमाने केलं होतं. बटरफ्लायचे कल्ले बादलीतच लालभडक झाले, तो पृष्ठभागावर तोंड वासून उभा राहिला आणि रात्री गेला.

लांबून आलेल्या माशाला थेंब पद्धत लावू नका. पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग उघडा आणि मासा हाताने किंवा भांड्याने उचलून थेट सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत एक थेंबही जाता कामा नये. दुकानदाराला आदल्या दिवशी खाऊ बंद करायला सांगा, पोट रिकामं असलेला मासा पिशवी कमी घाण करतो. खोकं थर्माकोलचं हवं आणि गाडीच्या डिकीत नको. डिकीत इंजिनाची धग लागते, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवायची विनंती करा.

पिशवी नीट हाताळूनही पहिल्याच दिवशी मासा गेला, तर टाकी नवी आहे का बघा. पाणी भरून जेमतेम दोन आठवडे झाले असतील तर अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू अजून बसलेले नसतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींच्या चाचण्या चढून पुन्हा शून्य दाखवेपर्यंत मासा आणूच नका.

दुसरा ते चौथा दिवस: खारटपणा

हे कारण सर्वात कमी लोकांना सुचतं. थेट सोडण्याची पद्धत चालते ती खारटपणा जुळत असेल तरच. फक्त मासे विकणारी बरीच दुकानं पाणी 1.018 ते 1.020 च्या आसपास ठेवतात (हे विशिष्ट गुरुत्व; गोडं पाणी 1.000, जितकं खारट तितका आकडा मोठा). मीठ वाचतं आणि परजीवीही थोडे दबतात. आपली टाकी मात्र 1.025 ला. समुद्री मासा सतत पाणी पीत असतो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकत असतो. त्याला कमी खारट पाण्यातून एकदम जास्त खारट पाण्यात टाकला तर त्याच्या शरीरातलं पाणी ओढलं जातं. तो लगेच मरत नाही. दोन-तीन दिवस मलूल राहतो, खात नाही आणि मग जातो. आपण म्हणतो, रोग असेल.

उलट दिशेने, म्हणजे जास्तीतून कमी खारट पाण्यात जाणं मासे बऱ्यापैकी सहन करतात. म्हणून पार्सल निघण्यापूर्वी दुकानदाराला फोन करा, त्याच्या टाकीचा आकडा विचारा आणि नव्या माशासाठी ठेवलेल्या वेगळ्या टाकीतलं (ती कशी करायची ते पुढे आहे) पाणी त्याच आकड्याला आणून ठेवा. पिशवी आल्यावर तिचं पाणी स्वतः मोजा. माझ्याकडे एकदा फोनवर 1.023 सांगितलं होतं, पिशवीत निघालं 1.017. नंतर दिवसाला 0.001, फार तर 0.002 एवढंच वाढवत आपल्या टाकीच्या आकड्यापर्यंत न्या.

मोजण्याचं साधन खरं बोलतंय का, हेही बघायला हवं. काटा हलणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर मी टाकून दिला. त्याच्या काट्यावर मिठाची पापडी धरते आणि आकडा घसरतो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या, पण तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून थांबू नका. घरच्या घरी तपासणीचं पाणी करता येतं: 36.5 ग्रॅम शुद्ध, बिनआयोडीनचं मीठ आणि 963.5 ग्रॅम डिस्टिल्ड पाणी. या द्रावणावर यंत्राने 35 पीपीटी, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतका खारटपणा, दाखवायला हवा. दाखवत नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा. वजन अचूक काट्यावर करा, स्वयंपाकघरातल्या अंदाजाने नको.

पाणी थेट समुद्राचं वापरता का?

आपण किनाऱ्यावर राहतो, मिठाचं पोतं विकत घ्यायला जिवावर येतं. मीही समुद्राचं पाणी वापरतो, पण डिसेंबर ते मे एवढंच. खाडीच्या तोंडापासून आणि बंदराच्या जेटीपासून लांब, भरतीच्या वेळी, वारा पडलेला असताना कॅन भरतो. कापडातून गाळून झाकणाच्या पिंपात अंधारात दोन आठवडे ठेवतो, मग वरचं नितळ तेवढं घेतो आणि वापरण्याआधी पुन्हा मोजतो. जून लागला की हा धंदा बंद. नद्या-ओहोळांचं तांबडं पाणी खाडीतून बाहेर येतं, किनाऱ्याजवळचा खारटपणा पडतो, गाळ वाढतो. पावसाळ्यासाठी पाणी आधीच साठवा, नाहीतर त्या काळात आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं मीठ घाला. बाष्पीभवनाने पातळी उतरली तर भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, समुद्राच्या पाण्याची नाही, कारण वाफ फक्त पाण्याची होते आणि मीठ टाकीतच राहतं.

एप्रिल-मे मध्ये आणखी एक गोष्ट. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नवा दमलेला मासा आधी त्याच्याच कचाट्यात सापडतो. पंखा लावून पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे, आणि आपल्या दमट हवेत पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही. टाकी एकतीस-बत्तीसवर जात असेल तर त्या दिवसांत नवा मासा आणू नका. वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा एअरपंप हाताशी असावा.

पाचवा ते चौदावा दिवस: खरा दोषी टाकीतच बसलेला असतो

जुने मासे ठणठणीत आणि नवा मेला, असं दोनदा झालं तर मी पिशवीवर संशय घेणं सोडतो आणि टाकीवर घेतो.

क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी असतो, छंदातले लोक त्याला मरीन इच म्हणतात. माशाच्या अंगावर मिठाच्या कणासारखे, मोजता येतील असे पांढरे ठिपके येतात. तीन ते सात दिवस तो माशाच्या कातडीत खातो, फुगतो आणि मग गळून पडतो. ठिपके गेले, मासा बरा झाला, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तो आता दगडावर, वाळूत, काचेवर कोष करून बसलेला असतो. कोषात तो विभागत जातो आणि एका कोषातून शेकडो पोहणारी पिल्लं निघतात. बहुतेक कोष तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, काही मात्र बहात्तर दिवसांपर्यंतही टिकल्याचं दिसलं आहे. कोष फुटतात प्रामुख्याने अंधारात, आणि त्या वेळी मासा रोजच्या त्याच कपारीत झोपलेला असतो. कोष खाली, मासा वर.

इथे काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. समुद्रात निघालेल्या पिल्लाला दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं, आणि अथांग पाण्यात बहुतेकांना तो सापडत नाही. माझ्या दोनशे लिटरच्या टाकीत मासा त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो. दर्यात माशाच्या अंगावर एखाद-दुसरा ठिपका येऊन जातो, टाकीत दर फेरीला त्याचे शेकडो होतात.

आणि जुने मासे का मरत नाहीत? ते आधीच्या लागणीतून वाचलेले असतात, त्यांना बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यांच्या कल्ल्यांत दोन-चार परजीवी गुपचूप चक्र चालू ठेवतात आणि बाहेरून काही दिसत नाही. नवा मासा प्रवासाने खचलेला, प्रतिकार शून्य. तो आत आला की सगळी फौज त्याच्यावर. मी दोन वर्षं दुकानदाराला दोष देत होतो. दोन मासे त्याच्याकडून आजारी आलेही असतील, पण बाकीचे माझ्या टाकीने मारले.

ठिपके मोजता येत नसतील, अंगावर पिठासारखी किंवा सोनेरी धूळ असेल, मासा पंपाच्या झोतात तोंड घालून उभा असेल आणि उजेड टाळत असेल, तर तो इच नाही, वेल्व्हेट आहे. अॅमिलूडिनियम. हा आधी कल्ल्यांवर बसतो, म्हणून पुष्कळदा धूळ दिसण्याआधीच श्वास वाढतो, आणि दोन दिवसांत अख्खी टाकी रिकामी होऊ शकते. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा, तिरप्या उजेडात धूळ दिसते. क्लाऊनच्या अंगावरून पांढरा बुळबुळीत थर फाटक्या कापडासारखा सुटत असेल तर ब्रुकलिनेला हा परजीवी. डोळे धुरकट, अंग दगडावर घासणं, ठिपके मात्र नाहीत, तर चपटे कृमी, फ्लूक. फ्लूकची खात्री घरी करता येते. तापमान जुळवलेलं, खायच्या सोड्याची चिमूट घालून पीएच जुळवलेलं गोडं पाणी गडद रंगाच्या टबात घ्या, एअरस्टोन लावा, मासा त्यात पाच मिनिटं ठेवा आणि समोरून हलू नका. कृमी आधी पारदर्शक असतात, गोड्या पाण्यात पांढरे होतात आणि तिळाएवढ्या चकत्यांसारखे तळाला पडतात. मासा लोळायला लागला तर लगेच काढा. फ्लूकवर प्राझिक्वाँटेल हे कृमीनाशक चालतं.

मग करायचं काय

टाकी एकदा लागण झालेली असेल तर अर्धवट उपाय नकोत. लसूण लावलेला खाऊ, यूव्ही दिवा, ठिपके खाणारी कोळंबी, हे सगळं करून पाहिलंय. त्याने आकडा थोडा कमी होत असेल, चक्र तुटत नाही. चक्र तोडायचा मार्ग एकच: सगळे मासे बाहेर काढा, वेगळ्या टाकीत उपचार करा आणि मुख्य टाकी माशांशिवाय 76 दिवस चालू ठेवा. गोगलगाई, कोळंबी, खेकडे आत राहू देत, हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. एक जरी मासा आत राहिला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

उपचाराची टाकी साधी हवी. मी साठ लिटरचा पारदर्शक स्टोरेज बॉक्स वापरतो. आत स्पंज फिल्टर, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले नवे पीव्हीसीचे टी आणि एल्बो लपायला, वर जाळीचं झाकण. वाळू नको, दगड नको, ते औषध शोषून घेतात. स्पंज एरवी मुख्य टाकीच्या संपमध्ये (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) पडून असू द्या, म्हणजे जिवाणू बसलेले असतात. ही टाकी मुख्य टाकीपासून लांब, जमल्यास दुसऱ्या खोलीत ठेवा. वेल्व्हेट पाण्याच्या तुषारांबरोबर हवेतून तीन मीटरपर्यंत जाऊ शकतो. जाळी, नळी, मग, सगळं वेगळं, आणि हात पुसून, वाळवून मगच दुसऱ्या टाकीत.

इच आणि वेल्व्हेट दोन्हींवर तांब्याचं औषध चालतं. चिलेटेड प्रकारचं (तांबं दुसऱ्या द्रव्याशी बांधून ठेवलेलं) असेल तर साधारण 2.0 ते 2.5 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), सलग तीस दिवस. आकडा बाटलीवरचा पाळा, कारण तांब्याचे प्रकार वेगळे आणि त्यांची मात्राही वेगळी. दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि रोज चाचणी करा. मधे एक दिवस जरी मात्रा खाली गेली तरी गणित बिघडतं. तांब्याबरोबर अमोनिया निष्प्रभ करणारी द्रव्यं घालू नका, त्यांच्या संयोगाने मासा मरू शकतो. अमोनिया चढला तर त्याच मात्रेचं तांबं घातलेलं नवं पाणी बदला. आणि हे औषध मुख्य टाकीत कधीच नाही, कोळंबी आणि प्रवाळ जातील.

तांब्याची चाचणी मिळत नसेल तर इचपुरता दुसरा मार्ग आहे: खारटपणा 1.009 ला आणून शेवटचा ठिपका गेल्यापासून तीस दिवस तसाच ठेवायचा. 1.011 चालत नाही, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर तपासलेला हवा. वेल्व्हेटवर याचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. परत वर चढवताना तोच 0.001 चा संयम.

पुढे प्रत्येक नवा मासा आधी याच बॉक्समध्ये, किमान चार आठवडे. मला हा महिना जड जातो. घरात मुलं रोज विचारतात, मोठ्या टाकीत कधी. पण याच दिवसांत मासा आपला खाऊ ओळखायला शिकतो, त्याच्याशी कोणी भांडत नाही, आणि तो किती खातो ते नेमकं दिसतं.

गोगलगाय, कोळंबी, साधू खेकडा यांना तांबं चालत नाही, पण त्यांच्या शंखावर कोष येऊ शकतात. त्यांना मासे नसलेल्या डब्यात तेवढेच 76 दिवस ठेवायचे. कोळंबीला मात्र थेंब पद्धत हवीच, तास-दोन तास, कारण खारटपणातला छोटा फरकही तिला सोसत नाही.

दुकानात उभं राहून काय बघायचं

खाऊ घालायला सांगा. माशाने समोर खाल्लं नाही तर घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो की घरी खाईल. मग मोबाईलवर मिनिट लावून कल्ल्यांची उघडझाप मोजा, शंभराच्या वर जात असेल तर मी मागे फिरतो. डोक्यामागे आणि पोटाकडे खोलगट दिसत असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे. शेजारच्या टाकीत मेलेला मासा असेल आणि दोन्हींचं पाणी एकाच संपमधून फिरत असेल, तर तुमचा मासाही त्याच पाण्यातला. कालच आलेला मासा पैसे देऊन राखून ठेवा आणि दहा दिवसांनी न्या.

शक्य तिथे टाकीत पैदा झालेला मासा घ्या. क्लाऊनची पैदास आपल्या देशात होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) ती करून दाखवली आहे. काही देशांत मासे अजूनही सायनाइड मारून पकडले जातात. असा मासा दिसायला चांगला असतो, खातोही आणि काही आठवड्यांनी कारण न कळता जातो. पावडर ब्लू टँग पहिल्या वर्षी नकोच, त्याला इच फार पटकन धरतो. मँडरीन आणि बरेच बटरफ्लाय महिन्याभराने उपासमारीने जातात, त्यांचं जिवंत अन्न आपल्या टाकीत नसतं.

आणि फुकट मिळतो म्हणून खडपातला मासा थेट टाकीत सोडू नका, त्याच्याबरोबरही परजीवी येतात. प्रवाळ, समुद्री घोडा, सी फॅन हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं, 29.12 चौरस किलोमीटर. तिथून दगडाचा तुकडाही आणायचा नाही. कुणी प्रवाळ स्वस्तात देतोय म्हणाला तर तो कुठून आला हे आधी विचारा.

मोठ्या टाकीत सोडताना

चार आठवडे झाले, मासा खातोय, अंग स्वच्छ आहे. आता खारटपणा आणि तापमान दोन्हीकडे सारखं करा. जुन्या माशांना आधी पोटभर घाला. दोन-तीन दगडांच्या जागा बदला, म्हणजे डॅमसेलसारख्या भांडखोरांची हद्द मोडते. छिद्रं पाडलेल्या पारदर्शक डब्यात नव्याला टाकीतच दोन-तीन दिवस लटकवून ठेवा. जुना मासा डब्यावर धडका देणं थांबवेपर्यंत झाकण उघडू नका. मग संध्याकाळी, दिवे बंद करून, डबा कलता करा आणि त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावण्याआधी खोलीतल्या उजेडात त्याला शोधा, तो कुठल्या कपारीत झोपला होता ते वहीत लिहा आणि पहिल्या घासाला येतो का बघा.